राहिलेला पैरा

तुळसाबाई विसरभोळी. चष्मा कपाळावर सरकवून घरभर शोधत फिरेल, चुलीवरचं दूध उतू घालवेल, थोरल्याला हाक मारताना धाकट्याचं नाव घेईल. सुनेला हसू येतं, तुळसाबाईलाही येतं. पण जो माणूस तिच्याशी वाईट वागला, त्याचं एक अक्षर ती विसरत नाही. डूख धरावा तर तुळसाबाईनं. साप परवडला, तो निदान वर्षातून एकदा कात तरी टाकतो.

राजापूरहून एसटीनं तासाभरावर तिची वाडी. यंदा दिवाळीला आठवडा असतानाच घर भरलं होतं. थोरला विनोद, त्याची बायको रुपाली, बारा वर्षांची मनस्वी आणि अजून लग्नाचं नाव न काढणारा धाकटा दीपक, सगळे मुंबईहून आले होते. एरवी घरात एक म्हातारी आणि एक मांजर. आता पहाटेपासून बंबात लाकडं, अंगणातल्या दोरीवर टॉवेल आणि पडवीत चपलांचा ढीग. तुळसाबाई वरवर कुरकुरायची, "काय गो हा पसारा!" आणि आतून फुलून जायची.

दिवसही कसे होते म्हणता! पाऊस ओसरलेला, थंडी अजून यायची. सकाळी गवतावर एवढं दंव की मेरेवरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालून आलं की परकर गुडघ्यापर्यंत ओला. वरच्या कातळाच्या सड्यावर उरलीसुरली सोनकीची पिवळी फुलं, शेतावर पोपटांचे थवे, आणि सगळ्यावर पिकल्या भाताचा तो गोडसर वास. तो वास आला की मुंबईत वाढलेली मनस्वीसुद्धा नाक वर करून उभी राहायची. दीपकनं तिला व्हाळाच्या पाण्यात खेकडे धरायला शिकवलं. पहिल्याच खेकड्यानं बोट धरलं, तेव्हा पोरीची किंकाळी वरच्या वाडीत ऐकू गेली. दुपारी पडवीत चिबूड कापायचा, गूळ घालून खायचा आणि बिया कोंबड्यांना टाकायच्या. मनस्वी आजीला चिकटूनच असायची. जेवायला आजीच्या ताटाला ताट लावून, झोपायला आजीच्या गोधडीत.

तुळसाबाईचं भात कापून, झोडून घरात आलं होतं. विनोद-दीपकनं आल्या आल्या तेच काम उरकलं. फक्त घळीच्या तोंडचा एक कुणगा तिनं तसाच ठेवला होता. पसाभर जमिनीचा तुकडा तो, दोन माणसं सकाळभरात कापतील. विनोद म्हणाला, "आये, तो पण घेऊन टाकू." ती म्हणाली, "राहू दे. अजून हिरवा आहे." हिरवा कसला, चांगला पिवळाधमक होता. का ठेवला ते खरं म्हणजे तिलाही नीट ठाऊक नव्हतं. दरवर्षी त्या कुणग्याला विळा लावताना तिचा हात अडायचा आणि जीव जळायचा, एवढंच.

त्याचं कारण शेजारच्याच शेतात होतं. कारणाचं नाव हरिश्चंद्र.

हरिश्चंद्र म्हणजे तिच्या नवऱ्याचा, काशीरामचा, चुलतभाऊ. दोघांची शेतं लागून, दोघांचा पैरा. पैरा म्हणजे काय ते आता वाडीतल्या पोरांना सांगावं लागतं. आज आम्ही तुमच्या शेतात, उद्या तुम्ही आमच्या. त्यात पैसा नाही आणि लिहिणं नाही. माणसाच्या बदल्यात माणूस, दिवसाच्या बदल्यात दिवस. पैरा बुडवणारा माणूस आणि देवळातली समई चोरणारा माणूस, वाडी दोघांना एकाच पाटावर बसवायची.

दीपक दहावीला होता त्या वर्षीची गोष्ट. आश्विन लागला होता. काशीराम आणि तुळसा हरिश्चंद्राच्या शेतात राबले, त्याचं सगळं भात कापून दिलं. घळीकडच्या कुणग्यापासून तुळसाच्या शेताची कापणी सुरू व्हायची होती, आणि आदल्या दिवशी काशीराम आंब्यावर चढून टाळ तोडताना पडला. कंबर मोडली. विनोद तेव्हा मुंबईत नवीन नोकरीला, त्याला सुट्टी मिळेना; दीपक शाळेसाठी राजापूरच्या वसतिगृहात. तुळसानं नवऱ्याला रत्नागिरीच्या दवाखान्यात नेलं, बाकड्यावर रात्री काढल्या आणि एक दिवस एसटी धरून वाडीत आली ती थेट हरिश्चंद्राच्या खळ्यात. म्हणाली, "भावजी, भात पिकून उभं आहे. पावसाचा रंग दिसतोय. आमचा पैरा तेवढा फेडा."

हरिश्चंद्र ओटीवर बसून सुपारी कातरत होता. त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, "वयनी, काशीराम काय आता उठायचा नाय. ज्याचा विळा परत यायचा नाय, त्याच्या शेतात आपला दिवस कशाला घालवा?"

घ्या! गरज सरो, वैद्य मरो. स्वतःचं भात घरात येऊन पडलं होतं ना त्याच्या! बरं, एवढ्यावर थांबला असता तरी एक वेळ चाललं असतं. त्यानं हेच वाडीभर सांगितलं. माणसं हातचा दिवस राखायला टपलेलीच असतात. एकानं वाट दाखवली की दहा जातात. कोणी आलं नाही. परतीचा पाऊस आला, भात आडवं झालं, लोंब्यांना चिखलातच मोड फुटले. काशीराम माघात गेला. पोरांना आईनं एवढंच सांगितलं, पावसानं पीक गेलं. हरिश्चंद्राचं नाव तिनं त्यात घेतलं नाही. हा हिशेब पोरांचा नव्हता, तिचा होता.

तेव्हापासून ती वाट बघत होती. समोरासमोर भांडली नाही, बोलणं तोडलं नाही. लग्नाकार्यात त्याला पानसुपारीही दिली. पण त्याची म्हैस आटली की तुळसाबाईच्या घरी त्या दिवशी गोडाचं व्हायचं. आता याला तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.

आणि यंदा देवानं तिचं ऐकलं. हरिश्चंद्राचा मुलगा मुंबईहून येऊ शकला नाही. मजूर मिळेनात, जे होते ते नाट्याच्या बंदरात होड्यांवर गेले होते. वाडीत पैरा करायला उरलंय कोण, अर्धी घरं तर कुलपात. गुडघे गेलेला हरिश्चंद्र आणि वाकलेली त्याची बायको सगुणा, दोघंच चार कुणगे कापायला उतरली. विनोदनं मोबाईलवर बघून सांगितलं, संध्याकाळपासून पाऊस आहे. तुळसाबाईनं पडवीतून शेताकडे बघितलं. दोन माणसं, मुंगीच्या गतीनं सरकतायत. तिच्या अंगावरून मोरपीस फिरलं.

"रुपाली," ती म्हणाली, "आज घरात जेवायचं नाय. वडे तळ, काळ्या वाटाण्याचं सांबारं कर. किंजळीखाली बसून जेवू."

पोरांना काय, आनंदच. टोप घेतले, चटई घेतली, मनस्वीनं चिबूड डोक्यावर घेतला. किंजळीचं झाड मेरेवर, हरिश्चंद्राच्या शेताच्या अगदी नाकासमोर. तुळसाबाईनं जागा मुद्दाम निवडली होती. त्या दोघांनी मान वर केली की हेच दिसायला हवं: माझी पोरं, माझी सून, माझी नात, हसतायत, खातायत, लोळतायत. आणि तुम्ही दोघं मरा वाकून.

किती छान वेळ गेला तो! वारा मंद, भाताच्या लोंब्या एकमेकींवर घासून खसखस करत होत्या. चतुर उडत होते. दीपक मनस्वीला गवताची शिट्टी करून देत होता, रुपाली फोनवर व्हिडिओ काढत होती, विनोद डोक्याखाली हात घेऊन आडवा झाला होता. "आये, इथं किती बरं वाटतं गो," तो म्हणाला. तुळसाबाईला त्याच्याहून बरं वाटत होतं. वड्याचा घास तिनं इतक्या चवीनं कित्येक वर्षांत खाल्ला नव्हता. तिकडे हरिश्चंद्र दर चार मुठींनी कंबर धरून उभा राहत होता. बघ, ती मनात म्हणत होती, बघ मेल्या, चांगलं बघ.

पण सुडाच्या भरात माणसाची अक्कल गहाण पडते. कापणीच्या दिवसात डबा घेऊन दुसऱ्याच्या मेरेवर बसलं, की वाडीत त्याचा एकच अर्थ होतो. पैऱ्याची माणसं आली. आधी न्याहारी, मग शेतवाल्याचा चहा, मग विळा. तुळसाबाईच्या सासूच्या सासूपासून हेच चालत आलेलं, आणि तुळसाबाई नेमकी तेच विसरली.

सगुणा विसरली नव्हती. ती लगबगीनं घरी गेली आणि किटली, पेले नि काखेत विळ्यांची जुडी घेऊन मेरेवर आली. धापा टाकत होती, पण तोंडभर हसू. "आलात गो बाय! मी यांना म्हणतच होते, माणसांचा आवाज येतोय, जाऊबाय पोरांना घेऊन आल्या. आपलं माणूस ते आपलं!"

तुळसाबाईनं हातातला वडा खाली ठेवला. तोंड उघडून "आम्ही सहज बसलोय" म्हणेपर्यंत रुपालीनं पेला घेतलाही. विनोद उठून बसला, "काकी, कशाला त्रास" म्हणत त्यानंही घेतला. दीपक तर दुसऱ्या पेल्यावर होता. शेतवाल्याचा चहा पोटात गेला. आता विळ्याला हात न लावता उठायचं म्हणजे वाडीनं थुंकायचं, आणि तेही तुळसाबाईच्या पोरांवर. म्हातारीला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. अठरा वर्षं वाट बघून, हाताशी आलेलं उट्टं, आणि ते तिनं वडे-सांबाऱ्यासकट नेऊन त्यांच्याच दारात ठेवलं!

हरिश्चंद्र लंगडत मेरेपाशी आला. त्याच्या तोंडावर आशेचं हसू होतं, आणि थोडी लाजही. "वयनी, उपकार झाले. मजुरी काय होईल ती देतो."

मजुरी! तो शब्द ऐकला आणि तुळसाबाईच्या डोक्यात लख्ख उजाडलं. ती सावकाश उठली, लुगड्याचा ओचा झटकला.

"मजुरी नको, भावजी. आम्ही पैऱ्यानं आलोय."

हरिश्चंद्राचं हसू होतं तिथंच थांबलं. त्याला कळलं. पोरांना नाही, सगुणालाही नाही, पण त्याला बरोबर कळलं. त्यानं तिच्या घराच्या बाजूला, घळीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या त्या पिवळ्या कुणग्याकडे बघितलं. मग पश्चिमेकडे बघितलं. तिकडे ढग काळे पडत चालले होते.

"पैसे घ्या ना वयनी," तो हळूच म्हणाला. "दुप्पट देतो."

"पैरा," तुळसाबाई म्हणाली. "पायजे तर सांगा, नायतर आम्ही चिबूड खाऊन घरी जातो."

"अवो, हो म्हणा की! असं काय करताय?" सगुणा कळवळून म्हणाली.

हरिश्चंद्र खाली बघून म्हणाला, "बरं."

मग काय विचारता! तुळसाबाईनं पदर खोचला आणि अशी कापत सुटली की विनोदला तिच्यामागे पळावं लागलं. दीपकनं शर्ट काढून डोक्याला बांधला. रुपालीला विळा धरता येईना, तर सगुणानं तिच्या मुठीवर मूठ ठेवून शिकवलं. मनस्वी भारे ओढत होती, तोंड लालबुंद, केसांत भाताचा कचरा, आणि "आजी, हे बघ, आजी, मी एकटीनं!" असं तिचं अखंड चालू. शेवटचा भारा हरिश्चंद्राच्या पडवीत पडला आणि पहिली सर आली. सगळे ओलेत्यानं हसत घरी परतले. वाटेत विनोदनं आईच्या खांद्यावर हात टाकला. "आये, मन मोठं आहे गो तुझं."

तुळसाबाईनं चालता चालता पदर पिळला. निघताना तिनं हरिश्चंद्राला मात्र सांगून ठेवलं होतं, "सकाळी घळीच्या कुणग्यात या. एकटेच या."

तो आला. रात्री पाऊस पडून गेला होता, ऊन चकचकीत होतं, गवताच्या पात्या-पात्यावर पाणी. घरचे सगळे पडवीत चहा पीत होते. हरिश्चंद्र विळा घेऊन कोणाकडे न बघता कुणग्यात उतरला. तुळसाबाई मेरेवर जाऊन बसली, शेतमालकिणीसारखी, मांडी घालून.

भिजलेलं भात कापायला जड असतं. त्याचा गुडघा वाकत नव्हता, म्हणून तो एक पाय लांब करून, जवळजवळ रांगत कापत होता. मुठी सुटत होत्या, तो पुन्हा गोळा करत होता. थोड्या वेळानं विनोद आला. बघून चपापला. "आये, काकांचं वय काय! दे इकडे, मी उरकतो."

"खाली बस."

"अगं पण..."

"बस म्हटलं ना!"

तो बसला. मागून रुपाली आली, दीपक आला. कालची मजा काही त्यांच्या तोंडावर राहिली नव्हती. मनस्वी म्हणाली, "आजी, आजोबांना दुखतंय." तुळसाबाई म्हणाली, "त्यांना पाणी नेऊन दे. पाणी वैऱ्यालाही द्यावं." वैरी हा शब्द ऐकून सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती कुणग्याकडेच बघत होती. एकेक मूठ कापली जात होती आणि तिला आत कुठंतरी गार गार वाटत होतं. खोटं कशाला बोला? वाटत होतं.

दुपारच्या सुमाराला कुणगा संपला. पैऱ्याच्या माणसाला उपाशी पाठवत नाहीत. तुळसाबाई स्वतः घरात गेली, तिनं सकाळीच शिजवून ठेवलेली पेज वाटीत ओतली, लोणच्याची फोड ठेवली आणि मेरेवर आणून हरिश्चंद्रापुढे ठेवली. त्यानं हात धुतले, वाटी तोंडाला लावली, आणि एक घोट घेऊन थांबला. इथल्या माणसाला तांदूळ जिभेवर कळतो. स्वतःच्या मातीचा कुठला आणि परका कुठला हे लहान पोरही सांगेल.

"वयनी, ही आपल्याकडची नाय."

"नाय. रेशनच्या तांदळाची आहे." तुळसाबाईचा आवाज चढला नाही. "तुमचा भाऊ दवाखान्यात पाठीवर पडलेला असायचा. रोज विचारायचा, भात कापलं? मी म्हणायचे, कापलं. कोणी कापलं? मी म्हणायचे, भावजी आले, पैरा फेडून गेले. काय सांगणार होते मी त्याला? तो खूश व्हायचा. बाजूच्या खाटेवरच्या माणसाला सांगायचा, भाऊ असावा तर आमच्या हरिश्चंद्रासारखा."

विनोदनं मान वर केली.

"दिवाळीत घरी आणला. म्हणाला, तुळसा, नव्या तांदळाची पेज दे. आम्ही तेव्हा रेशनवर होतो. तीच दिली. पहिला घोट घेतला आणि तुमच्यासारखाच थांबला. त्याला सगळं कळलं. पेज बाजूला ठेवली. नंतर जगला तेवढे दिवस तुमचं नाव त्यानं एकदासुद्धा घेतलं नाय." ती थोडी पुढे झुकली. "संपवा ती पेज, भावजी. त्याच्यानं नाय संपली."

हरिश्चंद्रानं संपवली. थोडी सांडली, पण संपवली. वाटी धुऊन पालथी घातली. विळ्याच्या आधारानं उठला. डोळे भरले होते. म्हणाला, "वयनी, मी चुकलो. आता तरी फिटलं का?"

"पैरा फिटला," तुळसाबाई म्हणाली. "ते नाय फिटायचं. तुमची चिता जळेपर्यंत नाय. जावा आता, सगुणा वाट बघत असेल."

तो गेला. मेर संपेपर्यंत त्याची लंगडती पाठ दिसत होती. विनोद गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. बापाची आठवण अशी कोणी त्याच्यापुढे टाकली नव्हती. तुळसाबाईला वाटलं होतं, हा दिवस आला की आपल्याला रडू फुटेल. रडू आलं नाही. भूक लागली, सपाटून भूक. घरात जाऊन ती पाटावर बसली आणि रुपालीला म्हणाली, "वाढ गो. नव्याचा भात वाढ."

रुपालीनं खालमानेनं वाढलं. तुळसाबाईनं सवयीनं नातीसाठी बाजूला सरकून जागा केली. मनस्वीनं आपलं ताट उचललं, आजीकडे एकदा बघितलं आणि ती पडवीत, दीपकजवळ जाऊन बसली.

तुळसाबाईनं ते बघितलं. हातातला घास थांबला. बसेल उद्या, ती स्वतःशी म्हणाली. आणि नाही बसली तरी चालेल. मग तिनं भात कालवला आणि पोटभर जेवली.